खाणतळ्यातले मासे आणि वरचा रंगारी

१२ ऑक्टोबर

निवृत्त होऊन एकशे तेरा दिवस झाले. वजनमापे खात्यात अडतीस वर्षं निरीक्षक होतो, त्यामुळे दिवस मोजायची सवय सुटत नाही. ही म्हणते, "घरातली भांडी मोजून झाली, जिन्याच्या पायऱ्या मोजून झाल्या. आता माझे केस मोजायला घेऊ नका म्हणजे झालं."

घरामागे जुनी दगडखाण आहे. तिच्यात कित्येक वर्षांचं पाणी साचून तळं झालंय. जूनमध्ये त्यात कार्पची तीनशे बोटुकली सोडली. आता वीतभर झालीत. रोज सकाळी काट्यावर तोलून दोन किलो पेंड-कोंडा देतो. पुस्तकात याच्या निम्मंही सांगितलेलं नाही, पण पुस्तक लिहिणाऱ्याने माझे मासे पाहिलेले नाहीत. वाढीचं वय आहे. घास मोजून खायचं हे वय नव्हे.

दुसरीही एक गोष्ट नोंदवून ठेवतो. उन्हाळ्यात मी मोरीचं आणि कपडे धुण्याच्या यंत्राचं पाणी पाइपने तळ्याकाठच्या फुलझाडांच्या वाफ्याला लावलं. पाण्याचा थेंब वाया नाही. तेव्हापासून वाफा एकदाही सुकलेला नाही, उलट भरून वाहतो. असं डोकं सगळ्यांनी चालवलं तर जगात टंचाईच राहणार नाही.

१९ ऑक्टोबर

ऊन कडक आहे. तळं हिरवंगार झालंय, अगदी पाचूसारखं. पुस्तक म्हणतं, पाणी किंचित हिरवं असणं चांगलं. माझं किंचित नाही, चांगलं भरपूर आहे. हात कोपरापर्यंत घातला तर बोटं दिसत नाहीत.

ही म्हणाली, "अहो, ते मोरीचं पाणी जातं कुठे, ते एकदा बघा."

लगेच बघितलं. मोरीच्या जाळीत केस अडकले होते. काढून टाकले. आता पाणी झरझर जातं. तसं तिला सांगितलं तर तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि आत गेली.

२ नोव्हेंबर

हवा बदलली. दोन दिवस झाले, आभाळ भरलेलं आहे आणि गारवा आलाय. उजाडताना तळ्यावर गेलो तर सगळे मासे वर! तोंडं पाण्याबाहेर काढून, आ करून, माझ्याकडे बघत होते. अडतीस वर्षं ज्या ज्या दुकानात पाऊल टाकलं तिथल्या माणसांनी मला पाहून तोंड फिरवलं. इथे तीनशे जण स्वागताला उभे.

भुकेजले असणार म्हणून खाद्य दुप्पट दिलं. खाल्लं मात्र कुणीच नाही. लाजले असतील.

हिला हौसेने दाखवायला आणलं. तिने नीट पाहिलं आणि म्हणाली, "भूक लागलेलं जनावर असं दिसत नाही हो. तुम्हाला दमा उठायचा तेव्हा खिडकीशी बसून तुम्ही असंच करायचात."

बायकांची कल्पनाशक्ती.

५ नोव्हेंबर

अकरा मेले. पांढरी पोटं वर करून काठाला लागले होते. ऊन आल्यावर बाकीचे खाली गेले, जणू काही झालंच नाही.

दिवसभर जेवण गेलं नाही. हिने विचारलं, "कशाने झालं असेल?" मी म्हटलं, "कशाने नव्हे. कुणी केलं, ते विचार."

तळ्याच्या वरच्या अंगाला रंगाऱ्याची शेड आहे. सूत रंगवतो. त्याच्याकडून एक ओहोळ उतरून माझ्या तळ्यात येतो. आणखी काय पुरावा पाहिजे?

इथे रंगाऱ्याबद्दल प्रामाणिकपणे लिहितो, कारण ही वही कुणी वाचणार नाही. आम्ही एका बाकावर शिकलो. याच खाणीत पोहायला शिकलो, म्हणजे तो शिकला आणि मला बुडताना ओढून काढलं. मला तो मापाड्या म्हणायचा, मी त्याला रंग्या. अकरा वर्षांपूर्वी तपासणीच्या फेरीत त्याच्या सुताच्या दुकानातला काटा सदोष निघाला. मी तो जप्त केला. ओळख बघून कायदा वाकवणाऱ्यातला मी नव्हे. तेव्हापासून बोलणं बंद. आता रस्त्यात समोर आला की तो आभाळाकडे बघतो आणि मी घड्याळाकडे.

तर, असा माणूस सूड घेणारच.

६ नोव्हेंबर

प्रदूषण कार्यालयाला तक्रार लिहिली. चार पानं, विषय, संदर्भ, उपसंदर्भ, शेवटी तळ्याचा नकाशा. टपालावर विश्वास न ठेवता स्वतः जाऊन दिली आणि आवक क्रमांक घेतला. कारकून म्हणाला, "काका, एवढं सविस्तर आमचे साहेबसुद्धा लिहीत नाहीत." बरं वाटलं.

घरी येऊन बघतो तर काठावरच्या चिखलात पावलं! मोठी, अनवाणी, डाव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला. असा अंगठा या जगात एकाच माणसाचा आहे. बाकावर बसून आठ वर्षं पाहिलाय. म्हणजे विष कालवायला तो स्वतःच येतो.

९ नोव्हेंबर

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

सलग चौथा ढगाळ दिवस. चोराला मुद्देमालासह पकडायचं म्हणून पहाटेच छत्री घेऊन गेलो. छत्री पावसासाठी नव्हती. बघतो तर रंगारी गुडघाभर पाण्यात, खाणीच्या पहिल्या पायरीवर उभा. बादली भरत होता, डोक्याएवढी उचलत होता आणि वरून धाडकन ओतत होता. चारी बाजूंना मासे आ करून लोळत होते.

मी ओरडलो, "सापडलास!"

तो वळलाही नाही. म्हणाला, "मापाड्या, आधी बादली घे. शिव्या मग दे."

"काय कालवतोयस?"

"हवा कालवतोय. श्वास कोंडलाय त्यांचा, दिसत नाही? तुझा बागेचा पंप आण. पळ!"

पळालो. का पळालो ते आता सांगता येत नाही, पण पळालो. पंप लावला, तळ्याचंच पाणी नळीने उंच उडवून परत तळ्यात पाडलं. ही पण आली, तिने दुसरी बादली घेतली. तिघं दोन तास पाणी झोडपत होतो. ढग फाकून सूर्य दिसायला लागला तेव्हा मासे एकेक करून खाली गेले. तेवीस मेले. बाकीचे वाचले.

रंगारी काठावर बसला, धापा टाकत. म्हणाला, "पाच दिवस येतोय. वरून दिसतं मला. तुला उठवावं म्हटलं, पण तू दार उघडलं नसतंस."

हिने त्याला चहा दिला. तो प्यायला, कप विसळून ठेवला आणि गेला. अकरा वर्षांत आमचं एवढं बोलणं झालं नव्हतं.

संध्याकाळी विचार करतोय. गुन्हेगार गुन्ह्याच्या जागी परत येतो असं म्हणतात. पुरावा पातळ करायला पाणी ओतत असेल का? हिला ही शंका बोलून दाखवली. ती म्हणाली, "तुमचा काटा तपासून घ्या एकदा." काटा नुकताच तपासलाय, ग्रॅमभरही फरक नाही. पण ती कुठल्या काट्याबद्दल बोलत होती कोण जाणे.

११ नोव्हेंबर

मत्स्यखात्यातली डॉक्टरीणबाई आली, हिने फोन करून बोलावलेली. आमच्या धाकट्या भाचीच्या वयाची, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. मी तिला पहिल्यांदा तक्रारीची नक्कल वाचायला दिली. तिने ती आपल्या अवजारांच्या पेटीखाली ठेवली, पेटीचं बूड ओलं होऊ नये म्हणून.

एक मासा धरून तिने कल्ल्याचं झाकण उचललं. "कल्ले लालभडक पाहिजेत, काका. हे बघा, फिकट, आणि वर चिकटा." मग तळ्याच्या चार कोपऱ्यांतून पाणी घेतलं, कुप्यांत थेंब टाकले, रंग बदलेपर्यंत थांबली. ओहोळाच्या तोंडाशी घेतलेली कुपी तिने उजेडात धरली.

"हे पाणी चांगलं आहे."

"वर रंगाचा कारखाना आहे," मी आठवण करून दिली.

"बघून आले. त्यांच्या तीन टाक्या आहेत, निवळून गाळून सोडतात. तुमच्या तळ्यात यातूनच काय ते बरं पाणी येतंय." ती चालत वाफ्याकडे गेली, वाकली आणि बोटाने फेस उचलला. "आणि हा पाइप कुठून येतो?"

मी माझी योजना समजावून सांगितली. थेंब वाया जात नाही, वाफा कसा सुकत नाही, उलट भरून वाहतो, आणि उतार असल्यामुळे उरलेलं पाणी आपोआप…

इथे मी थांबलो.

ही दाराशी उभी होती, तोंडावर हात धरून. खोकला झाला असावा.

डॉक्टरीणबाईने मग सांगितलं ते असं. साबणाने दोन कामं केली. एक तर कल्ले पोळले. दुसरं, साबणातल्या खतासारख्या क्षारांवर शेवाळ माजलं, त्याचा तो पाचू. ऊन असेतो शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतं, पण अंधारात तेच प्राणवायू ओढून घेतं. ढग आले की दिवसाचीही कमाई बंद. त्यात हवा गार झाली, वरचं पाणी गार होऊन जड झालं, खाली बसलं, आणि तळाचं सडकं पाणी वर आलं. पहाटेला माशांना श्वास उरला नाही.

"तळाला सडकं काय आहे?" मी विचारलं.

"तुमचं दोन किलो खाद्य," ती म्हणाली. "गारव्यात मासे कमी खातात, काका. उरलेलं कुजतं. बाकी तुम्ही माया फार केलीत."

पाइप तासाभरात काढला. हिला म्हटलं, "तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "तीनदा बोलले. तुम्ही तीनदा जाळी साफ केलीत."

१६ नोव्हेंबर

तक्रार मागे घ्यायला जायचं होतं. जमलं नाही. गुडघा दुखतोय. आज अंगणात लाकडाची मोळी उचलली तेव्हा दुखत नव्हता, पण कार्यालयाची पायरी आठवली की दुखतो.

वरची शेड गप्प आहे. रोज सकाळी तिथल्या भट्टीचा धूर दिसतो, दोन दिवस दिसला नाही.

दुपारी रंगारी दारात. हातात सरकारी लिफाफा. "मापाड्या, सरकारी भाषा तुझी. वाचून सांग."

वाचलं. एका जागरूक नागरिकाच्या तक्रारीवरून तपासणी होईपर्यंत रंगकाम बंद ठेवावे. तपासणीची तारीख पुढच्या महिन्यात. सोबत तक्रारीची चार पानं, सहीची जागा झाकून काढलेली.

"कामगारांना घरी पाठवलं," तो म्हणाला. "सूत भिजलेलं पडलंय, ते सडेल. एवढं उत्तर लिहून दे."

कागद घेतला. त्याच्या बाजूने उत्तर लिहिलं, माझ्याच मुद्द्यांना मुद्देसूद. माझा तिसरा मुद्दा किती पोकळ होता ते खोडताना कळलं.

तो शेजारी बसून तक्रारीची पानं न्याहाळत होता. म्हणाला, "ज्याने कुणी लिहिलंय, अक्षर मात्र सुरेख. 'ळ'ला शेपूट बघ कशी वळवलीय. आपल्या मास्तरांनी एकाच पोराला शाबासकी दिली होती अशा 'ळ'साठी."

मी म्हटलं, "हल्ली बरेच जण असा ळ काढतात."

"असतील," तो म्हणाला. त्याला काही संशय आला नाही, हे नशीब.

तो गेल्यावर हिने उत्तराचा कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "उद्या कार्यालय दहाला उघडतं."

१७ नोव्हेंबर

दहाला पाच मिनिटं असताना पोचलो. तोच कारकून. "या काका, आणखी चार पानं?"

"एकच," मी म्हटलं. "ती तक्रार मागे घ्यायची आहे. आणि नवी द्यायची आहे."

"कुणाविरुद्ध?"

मागे रांगेत सहा-सात माणसं होती. त्यांतले दोघे जुने दुकानदार, माझ्या फेऱ्यांतले. मला बघून त्यांनी सवयीने तोंड फिरवलं होतं.

"माझ्याविरुद्ध," मी म्हटलं.

"मोठ्याने बोला काका, पंख्याचा आवाज आहे."

"माझ्याविरुद्ध! साबणाचं पाणी मी सोडलं. मासे मी मारले. रंगाऱ्याचं पाणी स्वच्छ आहे, आणि त्याचं काम आजच्या आज सुरू करा."

दोन्ही दुकानदारांनी तोंडं परत वळवली. अडतीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे इतक्या आपुलकीने पाहिलं नव्हतं.

कारकुनाने फॉर्म उलटापालटा करून बघितला. "तक्रारदार आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तो, एकच? असा रकानाच नाही." आत जाऊन आला. साहेब स्वतः बाहेर आले आणि मी सोबत नेलेला डॉक्टरीणबाईचा अहवाल वाचून बंदीचा कागद रद्द केला. मला मात्र नोटीस मिळाली. पंधरा दिवसांत शोषखड्डा खणून सांडपाणी त्यात सोडावे. सही करून घेतली. मी आवक क्रमांक मागितला नाही.

तिथून सरळ रंगाऱ्याकडे गेलो. शेडमध्ये आंबूस वास होता. दाराशीच म्हटलं, "ते मी लिहिलं होतं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"वाचायला घेतलं तेव्हापासून. मला भाषा कळते रे, मी काय अडाणी आहे? म्हटलं, तुझ्या हातूनच उत्तर लिहून घ्यावं. अकरा वर्षांत तेवढीच मजा." मग हसायचं थांबला. "पण तीन हौदांतलं सूत सडलं, मापाड्या. माणसं रिकाम्या हाती घरी गेली. ते मी विसरणार नाही."

"विसरू नकोस," मी म्हटलं.

मग तो म्हणाला, "तो काटा खरंच चुकीचा होता. पण माझ्याच तोट्याचा होता. गिऱ्हाइकाला जास्त जात होतं."

हे मी तेव्हाच पाहिलं होतं. नियमात 'कुणाच्या तोट्याचा' असं कलम नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. हेही त्याला सांगून टाकलं. आजचा दिवसच तसला होता.

तो उठून भट्टीत लाकडं सारायला लागला. पाठमोराच म्हणाला, "खड्डा एकट्याने खणू नकोस. तुझी कंबर जाईल, मग बोलणी मी ऐकायची तुझ्या बायकोची."

२ डिसेंबर

शोषखड्डा झाला. मी खोली मोजली, त्याने खणला. श्रमविभागणी.

पण मासे अजून धड नाहीत. पोळलेल्या अंगावर थंडीची भर. काहींवर कापसासारखे पांढरे पुंजके, दोघांच्या कुशीला लाल जखमा. डॉक्टरीणबाई म्हणते, गार पाण्यात माशाची ताकद उतरते आणि बुरशीचं फावतं. आजारी मासे टबात घेऊन मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवायचे, शंभर लिटरला दोन किलो मीठ.

मी काटा आणायला आत गेलो तोवर हिने ओंजळीने मीठ टाकूनही दिलं होतं. मी रागावलो. उरलेलं मीठ गुपचूप तोललं. चार ग्रॅमचा फरक. याची नोंद दुसरीकडे कुठेही करणार नाही.

रंगारी मासा दोन्ही हातांत धरतो तेव्हा मासा धडपडत नाही. माझ्या हातात धडपडतो. तो म्हणतो, "तू त्याला जप्त केल्यासारखा धरतोस."

२० डिसेंबर

थंडी फार. पाणी इतकं गार असताना माशांना पचत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा मूठभर खाद्य, तेही उन्हात. माझ्याने बघवत नाही. आज सकाळी सहज फेरफटक्याला निघालो तर हिने दाराशी अडवून कोटाचा खिसा उलटा केला. कोंडा सांडला.

"गिऱ्हाइकाला जास्त जातंय," ती म्हणाली.

हे वाक्य तिला कुणी सांगितलं ते उघड आहे. दोघं एकत्र झालीत.

१७ जानेवारी

आठ आणखी गेले डिसेंबरात. मात्र आज बरोबर एकवीस दिवस, एकही नाही. जखमांवर नवी खवलं धरतायत. पाणी आता पाचूसारखं नाही, फिक्या चहासारखं आहे, आणि कोपरापर्यंत हात घातला तर बोटं दिसतात. डॉक्टरीणबाई म्हणते, तळाचा गाळ निवळायला अजून वर्ष जाईल, लगेच खुशीत येऊ नका. नाही आलो. एक-दोनदाच आलो.

२६ फेब्रुवारी

आठवडाभर ऊब आहे. सकाळी तळ्यावरून धडधड आवाज आला. धावलो. काठच्या गवतात मासे एकमेकांवर आदळत होते, अंगं घासत होते, पाठी पाण्याबाहेर, शेपट्या आपटत होते. नोव्हेंबरपेक्षा भयंकर! हाका मारून रंगाऱ्याला बोलावलं, तो धापा टाकत उतरला, आम्ही दोघांनी धावत जाऊन पंप सुरू केला, आणि मी एका हाताने डॉक्टरीणबाईला फोन लावला. पाणी सगळीकडून स्वच्छ असताना हे काय झालं, कसली रोगराई, किती जण जातील, सगळं एका दमात विचारलं.

ती म्हणाली, "काका, आवाज कसा येतोय?"

मी फोन पाण्याकडे धरला.

पलीकडे ती इतकी हसली की रंगाऱ्यालाही ऐकू आलं. "पंप बंद करा! हात लावू नका त्यांना. बऱ्या झालेल्या माशांचंच असं होतं. लग्नसराई आहे काका ती. गवताला अंडी चिकटवतील, दोन-चार दिवसांत पिल्लं."

मी पंप बंद केला. रंगारी आणि मी काठावर उभे राहून बघत राहिलो. गवताच्या पात्यांवर मोहरीएवढे पिवळसर मणी चिकटत होते, हजारोंनी.

तेवढ्यात ही आली. तिने एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा आम्हा दोघांकडे, आणि म्हणाली, "शोभतं का हो या वयात? वळा तिकडे."

मग आम्ही तिघं खाणीच्या दगडावर, तळ्याकडे पाठ करून, उन्हात बसून राहिलो. पाठीमागे पाणी उडत होतं. रंगाऱ्याची मान भिजली, माझीही. पुसायला कुणी वळलं नाही.